दूधगंगेपलीकडचं कौशल्य

निपाणीत मला दोन खोल्या मिळाल्या त्या चौदा पानांच्या भाडेकरारावर. घरमालक वकील, मीही वकील. बेळगावचं बस्तान हलवून नुकताच निपाणीच्या कोर्टात प्रॅक्टिसला आलो होतो. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "घाई न्हाय. वाचा. चार दिवस लागले तरी चालंल." मी तिथल्या तिथं सही केली. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की, ज्या अशिलांचं माझ्यामुळं पुढं वाटोळं होणार होतं त्यांची त्यांना आत्ताच दया आली असावी.

अकराव्या पानावर एक कलम होतं. भाडेकरूनं घरात पत्ते, फासे, सोंगट्या किंवा निव्वळ नशिबावर चालणारं कोणतंही साधन बाळगू नये. हे कलम मला दोन महिन्यांनी कळलं. माझ्या मुलीची सापशिडी तेव्हा जप्त झाली.

सगळी नाही, फक्त फासा. पट त्यांनी परत दिला. "पटाबद्दल माझी तक्रार न्हाय," ते मुलीला समजावून सांगत होते, "पण फाशात कौशल्य कुठं हाय, सांग बघू." फासा त्यांच्या टेबलाच्या खणात गेला. मुलगी तीन दिवस रुसली आणि चौथ्या दिवशी फोडलेले चिंचोके उधळून सापशिडी खेळायला लागली. चिंचोक्यांबद्दल करारात काही लिहिलेलं नाही, हे तिनंच त्यांना ऐकवलं. ते इतके खूश झाले की जिना चढून माझ्याकडं आले. "वकील ही होणार," म्हणाले, "तुम्ही न्हाय."

सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. घराणं जैन, तंबाखूच्या व्यापारातलं. वडिलांची वखार होती, तिचा वास अजून त्यांच्या जुन्या फायलींना येत असे. कोपरांवर रफू केलेला काळा कोट, कानावर लाल पेन्सिल आणि डोक्यात अख्खी जुगाराची कलमं. चाळीस वर्षं त्यांनी जुगाऱ्यांची वकिली केली. चिंचेखाली, मळ्यात, बंद पडलेल्या वखारीत जिथं म्हणून पोलिसांनी पत्ते पकडले, तिथले आरोपी सुटायला अण्णांकडं यायचे. आणि स्वतः अण्णांनी मात्र या चाळीस वर्षांत पत्त्याला हात लावला नव्हता.

आमच्या भागातल्या वकिलीबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "भांडण मराठीत, युक्तिवाद कन्नडात, अपील इंग्रजीत. म्हंजे हारलो तरी नेमकं कुठल्या भाषेत हारलो ते अशिलाला कळत न्हाय."

एकदा सहा म्हाताऱ्यांना रमी खेळताना पकडलं होतं. अण्णांनी कोर्टात पत्त्यांचा जोड मागवला, पण हात लावला नाही. मला लावायला लावला. मी पानं धरून उभा, आणि अण्णा पट्टीनं दाखवतायत की कुठलं पान का ठेवायचं, कुठलं का टाकायचं, स्मरणशक्ती कुठं लागते, हिशेब कुठं लागतो. मॅजिस्ट्रेटसाहेब रंगून गेले. शेवटी म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही चांगलं खेळत असणार." अण्णांनी पट्टी खाली ठेवली. "मला व्रत आहे, साहेब," म्हणाले. सहाही म्हातारे सुटले आणि बाहेर येऊन त्याच पत्त्यांची मागणी करायला लागले.

व्रताची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि तीही साक्ष दिल्यासारखी, एकेक वाक्य सुटं करून. लग्न होऊन वर्ष झालं होतं. दिवसभर वखारीत तीन पत्तीचा डाव चालायचा. वडिलांना छातीत कळ आली म्हणून घरचा माणूस बोलवायला आला. "एवढा डाव होऊ दे, आलोच," असं अण्णा म्हणाले. डाव झाला. ते जिंकले. घरी पोचले तेव्हा वडिलांना खाली घेतलं होतं. त्यानंतर गावात चातुर्मासाला आलेल्या मुनिमहाराजांपुढं त्यांनी सप्तव्यसनांच्या त्यागाचं व्रत घेतलं. सात व्यसनांतली बाकीची सहा त्यांना कधी नव्हतीच, पण सुटं एक मिळत नसल्यानं त्यांनी सातही सोडली.

व्रत घेताना शेजारी आक्का बसल्या होत्या. आक्का म्हणजे त्यांची बायको, तेव्हा वीस वर्षांची. तिनं महाराजांना नमस्कार केला आणि म्हणाली, "ह्यांचं व्रत मोडलं तर त्या दिवसापासनं मी मीठ सोडीन. ह्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल करेपर्यंत खाणार न्हाय."

"हमीदार मिळाला," अण्णा मला म्हणाले आणि हसले. पण हसताना त्यांचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडं होतं.

मग गावात फोनवरचे खेळ आले. अण्णांकडं एक अशील आला. तो ऑनलाइन रमीत हरला होता, आणि कंपनीनं फसवलं म्हणून त्याला केस करायची होती. अण्णांनी अभ्यासासाठी ते ॲप स्वतःच्या फोनवर घ्यायचं ठरवलं. घ्यायला तीन दिवस लागले. 'नियम व अटी मान्य आहेत' या चौकटीवर बोट ठेवण्याआधी त्यांनी सगळे नियम आणि सगळ्या अटी छापून आणल्या. तो गठ्ठा फायलीत बसेना, म्हणून दोरीनं बांधला. लाल पेन्सिलीनं प्रत्येक पानावर खुणा केल्या. माझी खात्री आहे की त्या कंपनीच्या स्थापनेपासून ते कागद शेवटपर्यंत वाचणारा हा पहिलाच माणूस असावा, त्यात ते लिहिणाराही धरून. वाचून झाल्यावर त्यांनी अशिलाला सांगितलं, "तुझी केस होत न्हाय. कंपनी लई सज्जन हाय. सगळं आधीच सांगितलंय." आणि ॲप तसंच ठेवलं.

जाहिरातीच्या शेवटी भराभर म्हटलं जाणारं 'सवय लागू शकते, जबाबदारीनं खेळा' हे वाक्य तर त्यांना फार आवडायचं. "दारूवाला असं सांगतो का कधी?" ते विचारत.

महिन्याभरानं मला कळलं की अभ्यास संपलेला नाही. मी विचारलं तसे ते खुर्चीत सावरून बसले. मी विचारावं याचीच ते वाट बघत असावेत. "व्रत कशाचं हाय? जुगाराचं. जुगार म्हंजे काय हे कोण ठरवणार? मी न्हाय, तुम्ही न्हाय, कायदा. न्यायालयं काय म्हणत्यात? रमी हा कौशल्याचा खेळ हाय. मग व्रत मोडलं कुठं?" म्हाताऱ्यांच्या केसमध्ये पानं मीच धरली होती.

आणि तेवढ्यात कर्नाटकानं कायदा बदलला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग त्यात कौशल्य असो नसो, बंद. अण्णांच्या फोनवर एके सकाळी पाटी आली की आपल्या राज्यात ही सेवा उपलब्ध नाही. दुसरा कुणी वैतागला असता. अण्णांनी चष्मा लावून पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "बघा, कायदा पाळणारी कंपनी हाय." दुपारी चारला त्यांनी जुनी स्कूटर काढली.

निपाणीहून हायवेनं कोल्हापूरच्या दिशेला निघालं की कोगनोळी सुटते, दूधगंगेचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की महाराष्ट्र. तिथं एक चहाची टपरी आहे. त्या टपरीच्या बाकावर बसलं की फोन महाराष्ट्रात असतो, आणि महाराष्ट्रात तेव्हा बंदी नव्हती. अण्णा रोज चारला निघत, बाकावर बसून तासभर कायदेशीर रमी खेळत आणि परत येत. जैनांकडं जेवण सूर्यास्ताआधी, म्हणून परतायची वेळ पक्की होती. इतका नियमबद्ध माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"सबंध आयुष्य महाराष्ट्रात जायचं म्हणून मोर्चे काढले," एकदा त्या बाकावर ते मला म्हणाले, "लाठ्या खाल्ल्या. आत्ता रोज जाऊन येतोय." मग पुलाकडं बोट दाखवून, "तिकडं जुगार, हिकडं कौशल्य. सीमाप्रश्न एवढा महत्त्वाचा हाय, हे लोकांना अजून पटत न्हाय."

ती बंदी काही टिकली नाही. चार-पाच महिन्यांत हायकोर्टानं ती उडवली. आता निपाणीत, स्वतःच्या घरात, पंख्याखाली बसून खेळता येणार होतं. मी तसं सुचवलंही. अण्णांनी डोळे बारीक केले. "सरकार अपिलात गेलंय. उद्या निकाल फिरला तर? आपण पुलापलीकडंच बरं." आणि पुढची तीनेक वर्षं ते उन्हापावसात रोज पूल ओलांडत राहिले. अपिलाचं कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं. घरात आक्का होत्या, एवढं एकच कारण होतं, आणि ते त्यांच्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

आक्कांबद्दल मला तेव्हा फार माहिती नव्हती. सणावाराला त्या आम्हाला जेवायला बोलवायच्या. आधी आम्हाला वाढायच्या, मग स्वतः बसायच्या. गॅसच्या शेगडीवर एक मोठं पातेलं असे आणि बाजूला एक छोटं, पितळी, झाकण घातलेलं. आक्कांचे उपवास आणि नेम इतके असत की त्या छोट्या पातेल्याबद्दल विचारायचं कधी डोक्यात आलं नाही. अण्णांच्याही आलं नव्हतं. जेवताना ते बहुधा मनातल्या मनात पानं लावत असत.

पुढं पुढं अण्णांचं बोलणं कमी झालं. एकदा बाकावर मी त्यांच्या फोनात डोकावलो तर रमी नव्हती. पडद्यावर एक लहानसं विमान वर वर चाललं होतं आणि त्याच्या शेजारी आकडा वाढत होता. विमान केव्हाही फुटतं. ते फुटायच्या आत उतरायचं, इतकाच खेळ. अण्णाच म्हणाले, "उतरायची वेळ ओळखणं, हे पण कौशल्यच हाय की." पण यावेळी त्यांनी कुठल्या न्यायालयाचा हवाला दिला नाही. सापशिडीचा फासा अजून त्यांच्या खणात होता आणि ते स्वतः विमानात बसले होते. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

त्यांच्या वाढदिवसाला कंपनीचा फोन आला, कुणी गोड आवाजाची बाई हिंदीत शुभेच्छा देत होती. 'तुम्ही आमचे खास सदस्य आहात,' म्हणाली. अण्णांची दोन्ही मुलं पुण्यात, त्यांचा फोन संध्याकाळी आला. "कंपनीचा सकाळी आलता," अण्णांनी मला मुद्दाम सांगितलं.

मग तो दिवस आला. दुपारी साडेचारला आक्का मागच्या दारी कपडे वाळत घालताना चक्कर येऊन पडल्या. माझी बायको खाली धावली, डॉक्टरांना बोलावलं. अण्णांना फोन लावला तर लागेना. खेळात व्यत्यय नको म्हणून ते फोन घेणं बंद करून ठेवत. मी मोटरसायकल काढली आणि पुलापलीकडं गेलो. अण्णा बाकावर, चहा गार होऊन साय धरलेला.

"अण्णा, चला. आक्का पडल्यात."

त्यांनी वर पाहिलं नाही. "आलोच," म्हणाले. "एवढं विमान उतरू दे."

मी तसाच उभा राहिलो. मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. अंगठा हवेत तसाच थांबला. विमान वर गेलं आणि फुटलं, त्यांनी बघितलंही नाही. स्कूटर तिथंच सोडून ते माझ्या मागं बसले. निपाणी येईपर्यंत त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर होते.

आक्का शुद्धीवर होत्या. अशक्तपणा आहे, डॉक्टर म्हणाले, उपवास कमी करा, पाण्यात मीठ-साखर घालून घेत जा. माझ्या बायकोनं लगेच ग्लास करून दिला. आक्कांनी तो ओठाला लावला आणि बाजूला ठेवला. "नुसतं साखरपाणी दे गं," म्हणाल्या. अण्णा कोपऱ्यात उभे होते. त्यांना एवढंच दिसलं की बायको बरी आहे. चार दिवस ते पुलाकडं फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी चार वाजता एसटी पकडून ते स्कूटर आणायला गेले आणि सूर्यास्ताच्या जरा आधी आले.

पुढच्याच महिन्यात दिल्लीनं कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ देशभर बंद. कौशल्य असो, नशीब असो, सगळं एका मापात. अण्णांनी राजपत्र छापून आणलं, लाल पेन्सिल घेऊन बसले आणि एकही खूण न करता शेवटपर्यंत वाचलं. दोन दिवसांत ॲपमधली रमीही गेली आणि विमानही. "आता पुलाच्या दोन्ही अंगाला एकच कायदा," मी त्यांना छेडलं. त्यांनी मान हलवली. पण संध्याकाळी स्वतः जिना चढून वर आले, आणि चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता. "बंदी आत्ता आली. पूर्वलक्षी न्हाय. म्हंजे आजवर जे झालं, ते जुगार न्हवतंच. व्रत शाबूत हाय." मी म्हणालो, "हे आक्कांना सांगितलंत?" ते जिना उतरून गेले.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांचं दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावणी आली. त्या दिवशी जैन माणसं एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात, जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असेल तर माफ करा म्हणतात. अण्णांना हा दिवस वकील म्हणूनही आवडायचा. "काय सुंदर मसुदा हाय," ते दरवर्षी म्हणत. "कशाची माफी, ते लिहायचंच न्हाय." सकाळपासून त्यांनी अख्ख्या गल्लीची क्षमा मागितली होती. आम्ही जेवायला खाली गेलो. आक्का अजून थकलेल्या, म्हणून माझ्या बायकोनं त्यांनाही आमच्याच पंगतीला बसवलं आणि वाढायला स्वतः घेतलं.

अण्णांनी आमटी-भात कालवला, पहिला घास घेतला आणि थांबले. "अगं, आमटीत मीठ विसरलीस व्हय?"

माझी बायको चपापली. तिनं छोट्या पातेल्यातून वाढलं होतं.

"ते माझं पातेलं हाय," आक्का शांतपणे म्हणाल्या. "त्यात मीठ नसतंय."

"नसतंय म्हंजे? कधीपासनं?"

"तुम्ही पूल ओलांडायला लागलासा, त्याच्याबी आधी एक महिना. तुम्ही हापिसात बसून फोनवर पानं लावत हुता. मी चहा घेऊन आलते. बोट बघूनच कळलं. लग्नानंतर वरीसभर वखारीत डबा द्यायला आले की तेच बोट बघत हुते मी."

चार वर्षं होत आली होती. त्या साखरपाण्याच्या ग्लासाचा अर्थ मला तेव्हा लागला. अण्णांचा चेहरा मात्र अजून वकिलाचाच होता. त्यांनी घसा खाकरला. "हे बघ, त्या काळात जो कायदा लागू होता, त्यानुसार हायकोर्टानं..."

"मी हायकोर्टाला इचारलेलं न्हाय."

"न्हाय, पण कौशल्याच्या खेळाची व्याख्या..."

आक्कांनी आपल्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि हात मागं घेतला. अण्णांनी खरकटा हात तसाच ठेवून डावा हात छातीशी नेला. "जाणते-अजाणतेपणी माझ्याकडनं जे काही घडलं असंल..."

"काय घडलं?"

चाळीस वर्षं ज्यांनी कुठल्याही आरोपीला गुन्हा कबूल करू दिला नाही, ते अण्णा ताटाकडं बघत बसले. बाहेर गल्लीत कुणीतरी कुणाला 'उत्तम क्षमा' म्हणत होतं. मला वाटलं, आता ते उठून जातील.

"मी जुगार खेळलो," ते म्हणाले. "बाबा गेले तवा खेळत हुतो. तू पडलीस तवाबी खेळत हुतो. ह्यो बोलवायला आलता, तर म्हणालो, एवढं विमान उतरू दे."

हे मी आक्कांना सांगितलं नव्हतं, माझ्या बायकोलाही नाही. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. ताटावरचं ताट काढलं आणि म्हणाल्या, "मीठ द्या."

माझी बायको उठायला लागली. अण्णांनी तिला हातानं थांबवलं आणि स्वतः उठले. स्वयंपाकघरात मीठ कुठं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या डब्यात रवा निघाला, दुसऱ्यात साखर, तिसऱ्यात खायचा सोडा. प्रत्येक डबा ते नाकाशी नेऊन, जिभेवर लावून बघत होते. कुणी मदत केली नाही, आक्कांनी करू दिली नाही. पाचव्या डब्यात मीठ मिळालं. चिमूट घेऊन ते आले, वाकले आणि आक्कांच्या ताटात डाव्या बाजूला, जिथं वाढायची पद्धत आहे तिथं, त्यांनी ते ठेवलं.

आक्कांनी त्यातलं थोडं भातात कालवलं. घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"लई खारट लागतंय," म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.